एक कोटीची एम२ की दोन कोटींची ९११? नागपुरात राहून काय घ्यावं?

कळमन्याचा अडत्या

राम राम मंडळी. कळमन्याला आमची अडत आहे, घर लकडगंजला. वय ४८. डोक्यावर कर्ज नाही, थोरलीचं इंजिनिअरिंग संपत आलंय, धाकटा नववीत आहे. तूर-चण्याच्या पोत्यांत पंचवीस वर्षं काढली आणि एकच हौस मनात धरून ठेवली, की एक दिवस खरीखुरी स्पोर्ट्स कार घ्यायची. आता तो दिवस आलाय आणि मी दोन गाड्यांमध्ये अडकलोय.

पहिली बीएमडब्ल्यू एम२, शोरूमची किंमत १ कोटीच्या आसपास. दुसरी पोर्शे ९११ कॅरेरा, २ कोटींच्या आसपास. दोन्ही बाहेरून तयार होऊनच येतात. कागद समोर ठेवला की माझा गोंधळ वाढतो. एम२ ४८० अश्वशक्तीची, ९११ ३९४ ची. शून्य ते शंभरला ऑटोमॅटिक एम२ ४ सेकंद घेते आणि ९११ घेते ४.१. मग वरचे एक कोटी कशाचे?

वापर सांगतो: रविवारी पहाटे समृद्धी, महिन्यातून एकदा चिखलदरा नाहीतर सिल्लेवानी घाटातून छिंदवाड्याकडे, आणि एरवी संध्याकाळी फुटाळा तलावापर्यंत. चालवणारा मी एकटाच. मनापासून सांगा.

तिसरा पेडल

दादा, एम२ घ्या, आणि तीही मॅन्युअल. डोळे झाकून.

कारण सांगतो. आज एक कोटीच्या आसपास सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि हातात सहा गिअरचा दांडा, हे सगळं एकत्र देणाऱ्या नव्या गाड्या आता फारशा उरल्या नाहीत. साध्या ९११ कॅरेराला मॅन्युअल मिळतच नाही, आठ गिअरची पीडीके ऑटोमॅटिक घ्यावी लागते. मॅन्युअल हवी तर कॅरेरा टी किंवा जीटी३ कडे जायचं, म्हणजे आकडा आणखी वर.

मॅन्युअल एम२ ला शंभर गाठायला ४.२ सेकंद लागतात. त्या दोन दशांशांचं दुःख करू नका. चौथ्यातून तिसऱ्यात टाकताना उजवा पाय, डावा पाय आणि डावा हात एकाच क्षणी जुळून येतात तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो कुठल्याही बटणाने येत नाही. तुम्ही पंचवीस वर्षं थांबलात ते गाडी चालवायला. मग गाडीलाच चालवू देऊ नका.

बॉक्सरप्रेमी

तिसरा पेडल यांचं प्रेम समजतं, पण त्यांनी मूळ प्रश्नाला हातच लावला नाही. वरचे एक कोटी कशाचे, हे दादांनी विचारलंय.

वजनाचे आहेत. ९११ सुमारे १,५२० किलोची, एम२ सुमारे १,७०० किलोची. दोन मोठी माणसं आणि त्यांचं सामान उतरवून ठेवल्यावर जेवढा फरक पडेल तेवढा हा फरक आहे, आणि तो प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला जाणवतो. म्हणूनच ८६ अश्वशक्ती कमी असूनही ती एम२ च्या बरोबरीने शंभर गाठते. शिवाय इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. ६० टक्क्यांहून जास्त वजन मागे बसतं, त्यामुळे वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दिला की मागची चाकं रस्ता पकडून ठेवतात. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ नावाने आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून ती ९११ झाली. तेव्हापासून इंजिनाची जागा यांनी बदलली नाही. साठ वर्षं एकाच कोड्यावर डोकं चालवल्यावर जे हाताला लागतं, त्याचे ते पैसे.

दादा, तुम्ही स्वतःच चिखलदरा आणि सिल्लेवानी लिहिलंय. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे ४८० काय आणि ३९४ काय. तुमची खरी मजा घाटात आहे, ४० ते ८० च्या वेगात. त्या वेगातसुद्धा स्टीअरिंगमधून रस्ता बोलतो अशी गाडी ९११ च आहे.

रामदासपेठेतला सीए

गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण कागद रोज बघतो.

महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी रोड टॅक्स २० टक्के आहे. इथल्या बनावटीची, २० लाखांवरची पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घेतली तर १३ टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर २०. म्हणून माझे बरेच पक्षकार गाडी स्वतःच्या नावावर घेतात. तुमच्या दोन्ही गाड्या आयातच, त्यामुळे नाव कोणाचंही असो, टॅक्स सारखाच. तेव्हा हिशेब नीट बसत असेल तर फर्मच्या नावावर घेण्याचा विचार करा, घसारा मिळेल. जीएसटीचं क्रेडिट मात्र अशा गाडीवर मिळत नाही, त्या आशेवर राहू नका.

आता गंमत बघा. या टॅक्सला कमाल मर्यादा आहे, १ जुलै २०२५ पासून ती २० लाखांवरून ३० लाख झाली. एम२ वर ढोबळमानाने २० लाख पूर्ण लागतील. ९११ वर २० टक्क्यांनी ४० लाख झाले असते, पण ३० वर थांबतील. टक्केवारीत महागडी गाडी इथे थोडी स्वस्त पडते.

इतकं असूनही माझं मत एम२ लाच. रस्त्यावर येईपर्यंत फरक एक कोटीच्या पुढे जाईल, आणि ९११ चा ऑप्शनचा कागद हातात आला की रंग, सीट, चाकं धरून तो आणखी लाखांनी वाढेल. हा वरचा एक कोटी तुम्ही ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाने उचललात तर महिन्याचा हप्ता २ लाख ७ हजारांच्या पुढे जातो आणि व्याजच साडेचोवीस लाख होतं. कर्ज नाही म्हणालात, आनंद आहे. पण अडतीच्या धंद्यात खेळतं भांडवल म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. तुरीचा हंगाम आला की तोच कोटी कळमन्यात फिरतो.

बॉक्सरप्रेमी

सीए साहेब, विकतानाचा हिशेब राहिला की. इन्शुरन्सच्या तक्त्यात पाचव्या वर्षी दोन्ही गाड्यांची किंमत निम्मी धरतात, बाजारात तसं नसतं. ९११ ला गिऱ्हाईक टिकून राहतं. एम गाडीची पुढची पिढी आली की जुनीला उतार लागतो.

रामदासपेठेतला सीए

टिकत असेल. पण त्या गिऱ्हाइकाला शोधायला मुंबई-दिल्लीपर्यंत जावं लागेल, आणि तो भाव पाडूनच मागेल. नागपुरात दोन कोटींच्या गाडीचे घेणारे बोटावर मोजण्याइतके. विकायचीच नसेल तर हा मुद्दा दोन्ही बाजूंनी सोडून द्या.

धरमपेठेतली ताई

इथे सगळे घाट आणि हप्ते बोलताहेत. मी नागपुरातलं बोलते. आमच्याकडे अशीच एक बुटकी दोन दारांची गाडी आहे (कोणती ते राहू द्या) आणि मी ती आठवड्यातून तीनदा स्वतः चालवते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका सिमेंट रस्त्यावर दोन पट्ट्यांमधली सांध उघडी पडली होती. पाणी भरलेलं, दिसली नाही. पुढच्या डाव्या चाकाचा असा आवाज आला की मला वाटलं कोणी हातोडा मारला. उतरून बघितलं तर रिमला बोटभर चीर आणि टायरच्या बाजूला फुगा. या गाड्यांना स्टेपनी नसते. रात्री साडेनऊला रस्त्याच्या कडेला उभी राहून मी उचलून नेणाऱ्या गाडीची वाट बघितली, आणि त्या मापाचं टायर नागपुरात नव्हतं म्हणून गाडी एकोणीस दिवस घरात उभी होती. आता मी त्या मापाचे दोन टायर आधीच आणून ठेवले आहेत.

दादा, आपल्याकडे सिमेंटचे रस्ते इतके उंच झालेत की कित्येक घरं रस्त्याच्या खाली गेली. लकडगंजला तुमच्या फाटकासमोर किती उतार आहे? आधी तो मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९११ चं २,४५० मिलिमीटर, एम२ चं २,७४७. म्हणजे एम२ चं हे अंतर जवळजवळ एक फुटाने जास्त, तिचं पोट उंचवट्यावर आधी टेकणार. शिवाय ९११ ला पुढची बाजू ४० मिलिमीटर उचलायची सोय मिळते, पैसे भरून का होईना, आणि जागा एकदा लक्षात ठेवायला सांगितली की तिथे आल्यावर गाडी आपोआप नाक उचलते. रोजच्या फाटकाला याच्याइतकी कामाची वस्तू नाही. एम२ ला ती नाही. माझं मत ९११.

तिसरा पेडल

ताई, लिफ्ट फक्त नाक उचलते, पोट नाही. नियमातला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून २५ च्या वेगाने गेलं तर दोन्ही गाड्यांना अडचण नको. अडचण गल्लीतल्या लोकांनी स्वतः डांबर ओतून केलेल्या टेकाडांची. तिथे तिरपी घालायला शिकावं लागतं, गाडी कुठलीही असो.

आणि घरच्यांचं काय? एम२ च्या मागच्या सीटवर नववीतला मुलगा बसू शकतो, डिकी ३९० लिटरची. ९११ च्या मागच्या सीटवर दप्तर बसतं. बाप एकटा चिखलदऱ्याला जाणार आणि पोरगा फाटकात उभा राहून बघणार, हे मला पटत नाही.

बुटीबोरीचा टायरवाला

भाऊ, मी टायरच्या धंद्यात हाय, दोन्ही गाड्यांचं मले प्रेम नाई, रबराचं हाय. तं माह्यं आइका.

आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री होते. वरून तापलेलं सिमेंट. समृद्धीवर गाडी घातली का तासाभरात टायर हात लावू देत नाई. हवा नेहमी सकाळी, गाडी थंडी असतानाच तपासाची. तापल्यावर काटा वर गेला म्हनून हवा काढून टाकनारे लोक मी रोज पाह्यतो, तेच चुकते. अन् हौसेच्या गाड्या कमी चालते, त्याईचे टायर घासत नाई, वयानं जाते. टायरवर चार आकडे असते, २३२४ म्हनजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नवी गाडी घेतानाबी ते आकडे पाहून घ्या.

एम२ ले पुढं २७५ चे १९ इंची, मागं २८५ चे २० इंची टायर येते. पुढचं मागं लागत नाई, मागचं पुढं लागत नाई. दर दोन-तीन वर्षाले चारही बदलाची तयारी पाह्यजे. म्हनून म्हनतो, स्वस्तातली घ्या अन् उरलेल्या पैशातले दरसाल टायर, ब्रेक, तेल यासाठी बाजूला काढा. दोन कोटीची घेऊन जुन्या टायरवर चालवनारे मी पाह्यले हाय, जीव घाबरते.

बॉक्सरप्रेमी

टायरवाल्या भाऊंचं शंभर टक्के मान्य, हे कोणतीही गाडी घेणाऱ्याने लिहून ठेवावं.

माझं म्हणणं मात्र तेच. आणि दादा, एक तिसरी वाटही सांगतो. नव्या ९११ मध्ये समोरचे सगळे डायल स्क्रीनवर गेले. आधीच्या, म्हणजे २०२४ पूर्वीच्या गाडीत मधोमध खरा काटा असलेला आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा डायल होता. ताकद ३८५, म्हणजे फरक नावापुरता. एकाच मालकाची, सर्व्हिसचे कागद पूर्ण असलेली तशी गाडी शोधा. दोन कोटींपासून बरंच खाली याल आणि तो काटा रोज बघायला मिळेल.

कळमन्याचा अडत्या

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण ताईंनी सांगितलेलं काम करत होतो.

काल सकाळी गड्याला घेऊन फाटकाचा उतार मोजला. रस्ता अंगणापेक्षा १४ इंच वर आहे आणि उतार जेमतेम पाच फुटांचा. सरळ फळी घेतली, एम२ च्या चाकांच्या अंतराएवढ्यावर दोन्ही टोकांना चाकाच्या ठिकाणी विटा रचल्या आणि गाडीच्या पोटाच्या उंचीला फळी बांधून ती उतारावरून सरकवली. वरच्या काठावर टेकली. ९११ च्या अंतराला विटा आत घेतल्या, तरी टेकली, फक्त थोडी उशिरा. म्हणजे गाडी कुठलीही येवो, उतार लांबवावाच लागणार. मिस्त्री म्हणाला अंगणात अकरा फुटांपर्यंत नेऊन देतो, तुळशीवृंदावन दोन हात सरकवावं लागेल. आईने हो म्हटलं. मग लिफ्टचा मुद्दा माझ्यापुरता मिटला.

राहिली एम२ की ९११. बॉक्सरप्रेमी भाऊ, तुम्ही लिहिलेलं वजनाचं मी तीनदा वाचलं, आणि खोटं बोलणार नाही, ९११ चा आकार बघितला की आजही छातीत धडधडतं. पण धाकट्याने रात्री विचारलं, "बाबा, मला बसता येईल ना?" सीए साहेबांचा हंगामाचा मुद्दाही खरा आहे, यंदा तुरीला भाव पडला तर तो कोटी मला कळमन्यातच लागेल. मॅन्युअल एम२ चं नाव काढलंय. रंग निळा.

बॉक्सरप्रेमी

अभिनंदन दादा, आणि तरीही माझं ऐका. सही करण्याआधी एकदा, फक्त एकदा, ९११ मध्ये बसून वळणाचा रस्ता चालवा. आवडली नाही तर निळी एम२ आहेच. न चालवता घेतलीत तर सिल्लेवानीच्या प्रत्येक वळणावर तुम्हाला ती आठवेल.

तिसरा पेडल

चालवा, नक्की चालवा. फक्त त्या दिवशी धाकट्याला सोबत न्या आणि मागे बसवा.