आजोबांच्या पेटीतल्या अमेरिकन नोटा: तपकिरी शिक्क्याची नोट खरी की खराब?

दाभोळखाडी:
नमस्कार. आमचं घर दाभोळला, खाडीच्या अंगाला. यंदा पावसाआधी माळा साफ करताना आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. ते लढाईच्या काळात मालवाहू बोटीवर खलाशी होते. नोकरीच्या पुस्तकात तीन अमेरिकन नोटा निघाल्या. एक डॉलरची 1957 ची, निळा शिक्का. दोन डॉलरची 1953 ची, लाल शिक्का. तिसरी एक डॉलरची, सीरीज 1935 ए, तिचा शिक्का आणि नंबर तपकिरी. मागच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या पोकळ अक्षरांत इंग्रजीत ‘हवाई’ (HAWAII) छापलंय. चार घड्या आहेत, एक कोपरा कसरीने खाल्लाय.

मुंबईत एका दुकानात दाखवल्या. दुकानदार म्हणाला, तपकिरी नोटेवर कुणीतरी मागाहून छापून ती खराब केलीय, तिन्हींचे मिळून पाचशे घ्या. मी परत घेऊन आले. आजी सांगायची, घर शाकारायला पैसे नव्हते त्या वर्षीही आजोबांनी या मोडल्या नाहीत. पण ते बोटीवर चढले 1941 साली, मग 1935 ची नोट त्यांच्याकडे कशी?

जुनेकागद:
ताई, परत आणलीत ते फार बरं केलंत. ती अक्षरं अमेरिकन सरकारनेच छापलेली आहेत. डिसेंबर 1941 मध्ये हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकन नाविक तळावर जपानने हल्ला केला. जपानने हवाई बेटं घेतली तर तिथला डॉलरचा साठा त्यांच्या हाती पडेल, ही भीती होती. म्हणून 1942 मध्ये बेटांवरच्या नोटा जमा करून घेतल्या आणि या वेगळ्या नोटा दिल्या. बेटं गेलीच तर तेवढ्या नोटा रद्द करता याव्यात, एवढ्यासाठी. पुढे पॅसिफिकमधल्या इतर बेटांवरही सैनिकांच्या हाती त्या होत्या, त्यामुळे खलाशाकडे येणं अगदी शक्य आहे.

1935 हे छपाईचं साल नव्हे, त्या मालिकेचं साल. नोटेवरची सही बदलली किंवा छपाईत किरकोळ बदल झाला की पुढे ए, बी लागतं. मालिका तीच राहून नोटा पुढे कित्येक वर्षं छापल्या जातात.

पुढच्या बाजूला डाव्या-उजव्या कडेला उभं, बारीक अक्षरांत तेच नाव आहे का बघा. कागदात लाल-निळे तंतू दिसायला हवेत. नंबरच्या सुरुवातीला चांदणी असेल तर ती बदली नोट, म्हणजे छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली, तिला जास्त भाव.

किमतीचं म्हणाल तर निळ्या शिक्क्याच्या 1957 च्या वापरलेल्या नोटा ढिगाने आहेत, एखाद-दोन डॉलर जास्त मिळतील. निळा शिक्का म्हणजे सिल्व्हर सर्टिफिकेट, त्यावर चांदी मिळायची. ते जून 1968 मध्ये बंद झालं. लाल शिक्क्याची दोन डॉलरचीही फार दुर्मीळ नाही. खरं मोल तपकिरीचं. घड्या आणि खाल्लेला कोपरा यांनी भाव उतरेल, तरी ती एकटीच दुकानदाराच्या पाचशेच्या वर जाते.

केळशीकर:
ताई, एक कळकळीने सांगतो. घड्या काढायला इस्त्री फिरवू नका, फाटलंय तिथे चिकटपट्टी लावू नका. माझ्या वडिलांच्या जुन्या नोटा मी पुसून स्वच्छ केल्या, घेणाऱ्याने हातातच धरल्या नाहीत. आपल्याकडच्या पावसात साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ओल धरते. पॉलिएस्टरची पाकिटं मागवा, आणि पेटी माळ्यावर नको, कोरड्या कपाटात ठेवा.

दाभोळखाडी:
दादा, आत्ताच खिडकीत धरून बघितली. दोन्ही कडांना उभी बारीक अक्षरं आहेत, आणि वॉशिंग्टनच्या खांद्यापाशी एक लाल तंतू अगदी स्पष्ट दिसतोय. चांदणी नाही. बाकीच्या दोघींचं पुढे बघू, ही मात्र घरातच राहील. आजोबांच्या पुस्तकात 1943 च्या पानावर बोटीचं नाव आहे, पण शाई पसरलीय. उजेडात फोटो काढून उद्या टाकते, वाचायला मदत करा.