ऐतिहासिक चरित्र मजेसाठी वाचायचंय? मग कादंबरी जरा बाजूला ठेवा

उंटावरचा वाचक (धागाकर्ता):
सुट्टीत वाचायला एखादं ऐतिहासिक चरित्र सुचवा म्हटलं की आपल्याकडे हमखास कादंबऱ्यांची यादी येते. 'स्वामी', 'छावा', 'श्रीमान योगी'. चांगल्या आहेत, वाद नाही. पण ती चरित्रं नव्हेत. आणि परीक्षेसाठी नव्हे, निव्वळ मजेसाठी वाचायचं असलं तरी खरं चरित्रच जास्त मजा देतं असं माझं ठाम मत आहे. अट एकच: ज्याची स्वतःची पत्रं भरपूर उरली आहेत असा माणूस निवडा. तो राजा किंवा सेनापती नसला तरी चालेल.

अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचंच बघा. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' १९६८ साली आली आणि घरोघरी पोचली. पुस्तक मिटलं की डोक्यात घर करून राहतात ते गोपाळराव. आता अंजली कीर्तने यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' घ्या, आणि जोडीला बाईंची पत्रं. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी सरळ हिशेबच मांडलाय. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या नि पुस्तकं फेकलीत, सोडून जायची धमकी दिलीत, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा केल्यात. आदळआपट नाही, रडारड नाही. हे वाचल्यावर गोपाळरावांकडे पूर्वीच्या नजरेने बघता येत नाही.

योगायोगच हवे असतील तर तेही आहेत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसल्या होत्या. तिथे चाळायला घेतलेल्या मिशनरी नियतकालिकात गोपाळरावांचं पत्र सापडलं, त्यावरून पत्रव्यवहार सुरू झाला आणि १८८३ मध्ये आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या! कादंबरीकाराने असं रचलं असतं तर समीक्षकांनी सोलून काढलं असतं.

पेठेतला पाहुणा:
सपशेल असहमत. मजेसाठी वाचणाऱ्याकडे पुरावे कसले मागता? 'स्वामी' वाचून थेऊरला जाऊन आलेली अख्खी पिढी आहे, त्यात आमची आई आणि मावशीही आल्या. माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई १७७२ साली थेऊरला सती गेल्या, एवढी एक ओळ इतिहासात मिळते. ती वाचून कुणाचा गळा दाटून येतो? माधवराव आणि रमाबाई एकमेकांशी काय बोलले असतील, हे कुठलं दप्तर सांगणार? तिथे लेखकच लागतो. शिवाय शेजवलकर, पगडी हे इतिहासकार वाचणारे लोक आभाळातून पडले नाहीत. बहुतेकांचं बोट आधी कादंबरीनेच धरलं होतं.

उंटावरचा वाचक:
बोट धरलं, मान्य. पण पन्नाशीतही बोट सोडायचं नाही, असं कसं चालेल? आणि गळा दाटून येण्याचंच म्हणाल तर सत्तावीस वर्षांचा पेशवा क्षयाने मरणपंथाला लागलाय आणि मागे राहणाऱ्यांसाठी कलमवार लिहून ठेवतोय, त्यात राज्यावरचं कर्ज फेडायची चिंता. मला त्या रुक्ष कलमांनीच जास्त हलवलं. संवाद कुणीही लिहील हो.

नाईट शिफ्ट:
पाहुण्यांना +१. कामावरून आल्यावर कर्जाची कलमं वाचायची? माझी स्वतःची पुरेशी आहेत. 🙏
बाकी कादंबरीवाले इतिहासाला घाबरतात असं कुणाला वाटत असेल तर 'श्रीमान योगी'च्या सुरुवातीला छापलेलं नरहर कुरुंदकरांचं पत्र वाचा. शिवाजी महाराजांविषयी इतकं परखड लेखन कादंबरीलाच प्रस्तावना म्हणून जोडायला छाती लागते.

उंटावरचा वाचक:
वाचलंय. त्या पुस्तकातलं मला सगळ्यात आवडलेलं तेच. म्हणजे शेवटी पत्रच की!

जुन्नरी:
तुमची दोघांची जुगलबंदी चालू द्या, पण धाग्यातल्या अटीलाच माझा आक्षेप आहे. 'भरपूर पत्रं उरलेला माणूस' म्हटलं की निवड आपोआप कुणाची होते? ज्यांच्या घरात लिहिणं होतं, कागद जपायला माळे होते आणि पुढे ते छापणारे नातेवाईक होते त्यांची. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीनच पत्रं प्रसिद्ध आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ ची. तुमच्या अटीत त्या नापास.

आता त्यातलं १८६८ चं नायगावचं पत्र काढून बघा. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलंय, तिला दिवस गेलेत आणि गाव दोघांना मारत मारत घेऊन चाललाय. सावित्रीबाई मध्ये पडतात आणि दोघांचा जीव वाचवतात. मग त्यांना सरळ जोतीरावांकडे पाठवून देतात. एका पत्रात एवढं! मला चरित्रकार असा हवा, जो या तीन कागदांच्या आजूबाजूचं गाव उभं करील आणि कुठलं कागदातलं, कुठलं आपल्या अंदाजाचं, हेही सांगेल. पत्रांचा ढीग असूनही कंटाळवाणी चरित्रं मी ढिगाने वाचलीत.

उंटावरचा वाचक:
तीन असोत की तीनशे, माणसाचा स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे, एवढाच माझा आग्रह. सारजेचा प्रसंग तुम्हाला आठवतो तोही सावित्रीबाईंनी स्वतः लिहिला म्हणूनच ना?

जुन्नरी:
आणि सारजेचं म्हणणं काय होतं? तिने काहीच लिहून ठेवलेलं नाही. तिच्यासाठी पाहुण्यांचा कादंबरीकारच लागेल कदाचित. (पाहुण्यांनी लगेच हुरळून जाऊ नये.)

सूची आधी:
भांडणात पडत नाही, माझी पद्धत सांगतो. एकाच माणसावरची दोन पुस्तकं घ्यायची, एक घरातल्याचं आणि एक बाहेरच्याचं. न्यायमूर्ती रानड्यांवर त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या १९१० च्या आठवणी आणि न. र. फाटकांचं १९२४ चं चरित्र. फाटक वाचताना रानडे सार्वजनिक पुरुष म्हणून दिसतात. रमाबाईंकडे आलात की नवऱ्याच्या हट्टाखातर शिकणारी सून आणि तिला टोचून बोलणाऱ्या घरातल्या बायका भेटतात. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानड्यांनी घेतलेलं प्रायश्चित्त दोन्हीकडून वाचा, वेगळीच गंमत येते. आणि दुकानात पुस्तक मागून उघडा. व्यक्तिसूची नसेल तर निदान मी तरी परत ठेवतो.

पेठेतला पाहुणा:
एकाऐवजी दोन पुस्तकं, शिवाय पत्रं, शिवाय सूची. सुट्टी चार दिवसांची आहे हो. मी आपला 'स्वामी' पुन्हा काढतोय. धागाकर्त्यांनी कीर्तने यांचं पुस्तक धाडलं तर तेही वाचीन, टपालखर्च त्यांचा.