पिलार : खांब आणि मुलीचं नाव?
स्पॅनिशमध्ये 'पिलार' म्हणजे खांब, शब्दही पुल्लिंगी, मग ते मुलीचं नाव कसं, असा प्रश्न पडतो. अर्थ बरोबरच आहे. पण पूर्ण नाव 'मारिया देल पिलार', म्हणजे खांबावरची मारिया, येशूची आई. बोलताना मारिया गळते. रोसारिओ, कोन्सुएलो ही नावंही अशीच झाली. लाडात पिलारची 'पिली' होते.

आणि हा खांब खरोखर आहे, स्पेनमधल्या सारागोसा शहरात, एब्रो नदीकाठच्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये. इ.स. 40 मध्ये मारियेनं येशूचा शिष्य संत याकोब याला तिथे दर्शन दिलं, अशी श्रद्धा आहे. खांब जास्पर दगडाचा, वर मारियेची जेमतेम सव्वा फुटाची मूर्ती. खांबाला भरजरी वस्त्र नेसवतात आणि ते रोज बदलतात. दर महिन्याच्या 2, 12 आणि 20 तारखेला मात्र नेसवत नाहीत. मागच्या बाजूला छोटीशी फट ठेवलीय, तिथे ओठ टेकून टेकून दगडाला चक्क खळगा पडलाय! सण 12 ऑक्टोबरला, म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय दिनीच. सगळ्या पिलारना त्या दिवशी नामदिनाच्या, म्हणजे आपल्या नावाच्या सणाच्या, शुभेच्छा मिळतात. आपल्या गोव्यातल्या, गोवा वेल्हाजवळच्या पिलारचं नावही याच मारियेवरून पडलंय.