1612 ला टर्बो बसवू का? कोंडाईबारी घाटाला गाडी दम सोडते

साक्रीवाला:
राम राम मंडई. गाडी टाटा 1612 ट्रक, 697 इंजिन, बिनटर्बोचं (टर्बो म्हणजे धुराच्या जोरानं फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा). वडिलांनी घेतलेली, आता मीच मालक अन् मीच ड्रायव्हर. धुळ्याहून सुरतकडे कापसाच्या गाठी नेतो, येताना हजिऱ्याहून युरिया. जाताना उतार, काही त्रास नाही. येताना विसरवाडी सोडली की कोंडाईबारीत दुसरा गिअर लागतो, अन् मागे एवढा काळा धूर की मोटरसायकलवाले तोंडाला रुमाल लावून बाजूला थांबतात. एका भंगारवाल्याकडे मॅनिफोल्डसकट (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या पाईपासकट) टर्बो मिळतोय. मिस्त्री म्हणतो दोन दिवसांत बसवून देतो, डिझेल पंपाला हात लावायची गरज नाही. दोन वर्षांपूर्वी पिस्टनच्या रिंगा टाकल्या, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) जुनेच आहेत. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी खरं सांगा.

पंपवाले नाना, धुळे:
भाऊ, 31 वर्षं डिझेल पंप अन् नोझल हेच माझं काम. टर्बोचं नंतर बोलू, आधी तुझा धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जातंय पण पुरतं जळत नाही. एकतर हवा कमी, नाहीतर नोझल फवारा मारायच्या ऐवजी थेंब गाळतंय, किंवा टायमिंग मागे गेलंय, किंवा कुणीतरी ताकदीसाठी पंपाचं डिझेल वाढवून ठेवलंय. तू गाठी भरतोस, जिनिंगच्या आवारात उभा राहतोस. तिथला रेशा एअर फिल्टरवर गोधडीसारखा बसतो. फिल्टर काढून उन्हात धर, मग कळेल. सहाही नोझल टेस्टरवर लावून घे, टॅपेट बघ, कंप्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब मोज. 697 म्हणजे 5,675 सीसीचं इंजिन, ते धड असेल तर तेवढ्या चढाला इतकं रडत नाही.

आता टर्बो. नुसती हवा वाढवली अन् पंप तसाच ठेवला तर धूर कमी होईल, ताकद मात्र थोडीच वाढेल. ताकद डिझेलमधून येते. डिझेल वाढवलं की उष्णता वाढते, ती पिस्टनच्या डोक्यावर बसते. टर्बोच्या इंजिनात सहसा पिस्टनला खालून ऑइलचा फवारा देतात, कंप्रेशनही थोडं कमी ठेवतात. तुझ्या इंजिनात जुना लायनर, जुनं हेड पॅकिंग. वर आपला मे महिना. 45 अंशाची हवा सात-आठ पौंडाला दाबली की ती 100 च्या पुढे जाते, अन् मधे ती हवा थंड करणारा इंटरकूलर नाही. बसवायचाच असेल तर मॅनिफोल्डमध्ये पायरोमीटर, म्हणजे धुराची उष्णता दाखवणारा काटा, लावल्याशिवाय बसवू नकोस. चढाला काटा 650 अंशाच्या वर चालला की पाय काढायचा.

ऑइलची लाईन हा सगळ्यात मोठा धोका. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो, ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल वर दाबाने जातं, पण खाली येतं ते फक्त उतारानं. रिटर्नचा पाईप जाड, सरळ खाली, अन् चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. 2011 साली लळिंगच्या पायथ्याशी एका गिऱ्हाइकाची गाडी पाहायला गेलो. भंगारातला टर्बो, रिटर्न पाईपला मधेच उंचवटा. सील गळून ऑइल हवेच्या पाईपात गेलं अन् इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटलं. स्टॉप ओढला तरी थांबेना, आवाज ऐकून ढाब्यावरची माणसं पळाली. शेवटी वरच्या गिअरात टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला, तेव्हा कुठे बंद पडलं. बिग एंड बेअरिंग बठ्ठं गेलं होतं. त्या पोरानं लग्नासाठी ठेवलेले पैसे इंजिनात घातले. म्हणून दोन दिवसांत होतं म्हणणाऱ्याला आधी विचार, रिटर्न कुठे जोडणार.

चाळीसगावचा भाचा:
नानांचं बरोबर आहे. एक अजून, दादा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. इंजिन बदलायचं तरी आरटीओची मंजुरी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलाला 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. उद्या अपघात झाला तर विमावाले आधी तोच टर्बो दाखवतील. कमावणारा तू एकटा असशील तर ही जोखीम घेऊ नकोस.

साक्रीवाला:
नाना, तुमचं वाचून कामाला लागलो. फिल्टरमधून खरंच मूठभर रेशा निघाला. दोन नोझल गळत होते. पंप बेंचवर लावला तर डिझेल जास्त सोडलेलं होतं, ते कमी करून घेतलं. काल येताना नऊ टन युरिया होता. कोंडाईबारी तिसऱ्यात चढलो, फक्त वरच्या वळणाला दुसरा. धूर फिका. टर्बोवाल्याला नाही म्हणून सांगितलं. पण चार नंबर सिलिंडरचं कंप्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी आलंय. दिवाळीला इंजिन खोलेन. तेव्हा टर्बोचे पिस्टन टाकून ठेवू का, पुढे कामाला येतील?

पंपवाले नाना, धुळे:
नको. टर्बोविना तसले पिस्टन टाकलेस तर कंप्रेशन कमी पडेल, थंडीत पहाटे गाडी चालू व्हायला रडवेल. आहे त्याच मापाचे लायनर-पिस्टन टाक, सहाही एकदम. हेड उतरलं की आधी पट्टी लावून ते सपाट आहे का बघ, चार नंबरला बारीक तडा नाही ना तेही बघ. तोवर घाटात गाडी जास्त ताणू नकोस. जपीसन चाल, भाऊ.