मदत हवी आहे: सीआरडीएसएमध्ये कमी लोडलाही पॅकेट हरवतात

भूस्थिर उपग्रहाच्या अपलिंकसाठी (टर्मिनलकडून उपग्रहाकडे) सीआरडीएसएचं सिम्युलेशन पायथॉनमध्ये लिहिलंय. या पद्धतीत प्रत्येक टर्मिनल एकाच पॅकेटच्या प्रती मनाला येईल त्या स्लॉटमध्ये पाठवतं; एक प्रत मोकळी वाचता आली की तिच्या बाकीच्या प्रती सिग्नलमधून वजा करतात. फ्रेममध्ये 100 स्लॉट (वेळेचे तुकडे), 30 टर्मिनल, प्रत्येक पॅकेटच्या दोन प्रती. सगळ्यांची पॉवर सारखी धरली आहे. याच कोडवर साध्या स्लॉटेड अलोहाचा (एकच प्रत, वजाबाकी नाही) दर स्लॉटला 0.368 पॅकेट हा कमाल थ्रूपुट बरोबर मिळतो.

तरी साधारण 1.2 टक्के पॅकेट हरवतातच. इंटरफरन्स कॅन्सलेशनच्या (वर सांगितलेल्या वजाबाकीच्या) फेऱ्या वाढवल्या, आकडा हलत नाही. हरवलेली पॅकेट तपासली तर सुमारे निम्म्यांच्या बाबतीत दोन टर्मिनलनी नेमके तेच दोन स्लॉट निवडलेले असतात. मग दोघांचीही एकसुद्धा प्रत मोकळी सापडत नाही. कागदावरही या कारणाचा वाटा 29 (बाकीची टर्मिनल) भागिले 4950 (100 स्लॉटच्या जोड्या), म्हणजे साधारण 0.6 टक्के येतो; उरलेला तोटा तीन किंवा जास्त टर्मिनल एकमेकांत असेच अडकल्याने होतो. त्यामुळे बग नाही, हे पक्कं.

तीन प्रती केल्या की तोटा एकदम खाली जातो. पण टर्मिनल बॅटरीवर आहेत, दीडपट ट्रान्समिशन परवडणार नाही. पोचपावतीसाठी रिसीव्हर जागा ठेवणंही नको. उशीर मात्र एक-दोन सेकंद चालेल.

ज्यांनी हे प्रत्यक्ष हबवर (जमिनीवरच्या मुख्य केंद्रावर) चालवलंय त्यांना विचारतो: दोनच प्रती ठेवून फ्रेम 400 स्लॉटची करावी, की काही पॅकेटना दोन आणि काहींना तीन प्रती द्याव्यात? आणि अशा मिश्रणात दोन प्रतीवाल्यांचा तोटा कितपत उरतो?