मदत हवी आहे : निऑन शिल्पातील प्रतिबिंबांची खोली

चिलीचे कलाकार इव्हान नवारो निऑन नळ्या आणि समोरासमोरचे आरसे यांतून जी अथांग खोली उभी करतात, तिच्या प्रेरणेने मी आडव्या इंग्रजी आठाच्या (∞) आकाराचे भिंतीवरचे शिल्प करत आहे. नळी काचेचीच आणि शुद्ध निऑनची आहे, कारण ओढ व्यक्त करणारा तो तांबूस-नारिंगी रंग एलईडी पट्टीत उतरत नाही, असे माझे ठाम मत आहे. मागे साधा आरसा, पुढे अर्धपारदर्शक (काही प्रकाश परतवणारा, काही आरपार सोडणारा) आरसा आहे. परंतु प्रतिबिंबे थोड्याच थरांनंतर मळकट होऊन विझतात. खोली अंधारी करून आणि आरशांतील अंतर बदलूनही फरक पडला नाही. ॲक्रिलिक आरसा वाकतो, म्हणून तो नको. अशा वेळी मागचा आरसा कमी लोहाच्या (म्हणजे हिरवट छटा कमी असलेल्या) काचेचा घ्यावा की पुढच्या पृष्ठभागावर परावर्तक थर असलेला, आणि पुढच्या आरशाची परावर्तकता किती टक्के ठेवावी?