छातीच्या संसर्गात आधी ‘सूज उतरवणारी’ गोळी? माझा ठाम विरोध

रामबागकर (इंदूर):
डिसेंबरात बाबांना ताप-खोकला झाला. वय 71. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने पुडी बांधून दिली, "छातीतली सूज उतरेल, तीन दिवसांत हिंडायला लागतील." दुसऱ्याच दिवशी ताप गेला. बाबांनी जिरावण घालून पोहे मागून खाल्ले, आम्ही निश्चिंत. चौथ्या दिवशी पहाटे बघतो तर पलंगाच्या कडेवर बसलेले, श्वासागणिक खांदे वर, रुमालावर गंजाच्या रंगाचा कफ. श्वास मोजले, मिनिटाला 34. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. पुडीत डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे सूज दाबणारं स्टेरॉइड. जंतूंवरचं औषध एकही नाही.

कोविडपासून ‘सायटोकाइन’ (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते रेणू) म्हटलं की लोकांना त्यांचा अतिरेक, ‘वादळ’च आठवतं. अहो, जंतू वायुकोशात उतरला की तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, याच रेणूंनी हाक देतात. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-1 ही सायटोकाइन आसपासच्या पेशींना जागं करतात, इंटरल्यूकिन-8 रक्तातल्या न्यूट्रोफिलना (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) फुप्फुसात ओढून आणतं. ताप ही त्याच हाकेची खूण. हाक दाबल्याने जंतू मरत नाही, फक्त आपल्याला कळेनासा होतो.

रात्रपाळी:
बाबांच्या बाबतीत झालं ते चूकच. पण हा सरसकट विरोध मला पटत नाही. मी आयसीयूत नर्स आहे. आलेले न्यूट्रोफिल जंतूंबरोबर फुप्फुसालाही इजा करतात, केशवाहिन्या पाझरतात, वायुकोशांत पाणी भरतं. मग व्हेंटिलेटर लावूनही ऑक्सिजन चढत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर न्यूमोनियाचे सुमारे 800 रुग्ण होते. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी 6.2% रुग्ण 28 दिवसांत दगावले, न मिळालेल्यांपैकी 11.9%. दादा, हा जवळपास निम्म्याचा फरक आहे.

रामबागकर:
त्या रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं आणि ते आयसीयूत होते. पुडीशी तुलना नको. शिवाय 1996 सालची चाचणी बघा. सेप्टिक शॉकच्या (संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या) 141 रुग्णांवर टीएनएफ अडवणारं औषध वापरलं. तुलनेसाठी बिनऔषधी डोस दिलेल्या गटात 30% मृत्यू, सगळ्यात जास्त डोसच्या गटात 53%.

रात्रपाळी:
तिथे एकच रेणू अडवला होता. स्टेरॉइडचं काम वेगळं आहे, त्यावरून हायड्रोकॉर्टिसोनचा निकाल लावता येत नाही.

सुदामानगरची ताई:
मला संधिवात आहे, टीएनएफ अडवणारं इंजेक्शन घेते. आधी बोटं इतकी आखडायची की पोळी लाटता येत नसे. हा धागा वाचून घरात लगेच "बंद कर" सुरू झालं! धोका मला माहीत आहे. क्षयाचे जंतू शरीरात गाठींमध्ये कोंडून ठेवायला टीएनएफ लागतं, म्हणून इंजेक्शनाआधी माझा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झाली. कृपा करून लिहा की रोजचं स्टेरॉइड किंवा असं इंजेक्शन कुणी आपल्या मनाने थांबवू नये. स्टेरॉइड एकदम सोडलं तर जिवावर बेततं.

रामबागकर:
ताई, तुमचं बरोबर आहे. मला हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

जीवशास्त्रवाला:
रामबागकर, ‘हाक’ नेहमी मदतच करते असंही नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की फ्लूच्या वेळी वाढलेलं इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन मॅक्रोफेजची जंतू गिळायची ताकद कमी करतं, आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूचं फावतं. 1918 च्या साथीतले बहुतेक मृत्यूही फ्लूमागून आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने झाले होते. कोणता रेणू, किती आणि केव्हा, यावर सगळं आहे.

रामबागकर:
हे मला नवीन आहे आणि पटतंही. तरी ‘केव्हा’ हे काउंटरवर उभ्या माणसाला कळणार नाही. तिथे छातीला स्टेथोस्कोप लागत नाही, बोटाला ऑक्सिमीटर लागत नाही. माझा विरोध त्या पुडीला आहे, आणि तो मी सोडणार नाही.

रात्रपाळी:
पुडीला माझाही विरोध आहे. शीर्षकात तेवढं लिहा. आणि बाबांना न्यूमोकोकसची, फ्लूची लस दिली का?

रामबागकर:
नाही दिली. सोमवारी डॉक्टरांकडे नेतोच आहे, तेव्हा विचारतो. शीर्षक बदलतो आत्ताच.